डिस्पोजलची जीप घरी उभी करताय? आधी कागद, मग ब्रेक. रंग सगळ्यात शेवटी

लातूर : ‘डिस्पोजल’ हा शब्द आपल्याकडं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लष्करानं सेवेतून काढून विकलेली गाडी म्हणजे डिस्पोजलची गाडी. एखाद्याच्या शेतातल्या आखाड्यावर, बाभळीखाली, टायर गेलेली, सीट उंदरांनी खाल्लेली अशी एखादी जीप किंवा वन-टन कित्येक वर्षं उभी असते. मग घरातलं एखादं पोरगं मोबाइलवर व्हिडिओ बघतं आणि म्हणतं, ‘बाबा, आपली जीप आपणच चालू करू.’ हौस चांगली आहे. काम अवघड आहे, पण घरच्या शेडमध्ये, गावातल्या मिस्त्रीला हाताशी धरून होण्यासारखं आहे.

अडचण एवढीच की बहुतेक जण उलट्या टोकानं सुरुवात करतात. आधी रंग मारतात, नवे टायर टाकतात, फोटो काढून स्टेटसला ठेवतात. मग इंजिन काढतात, मग ब्रेककडं बघतात आणि सगळ्यात शेवटी आरटीओच्या दारात जातात. तिथं कळतं की चेसिस नंबर कागदाशी जुळत नाही, किंवा मारलेला रंगच चालत नाही. तोवर दोन हंगामांचा पैसा त्यात गेलेला असतो. म्हणून या लेखात क्रम सुलटा ठेवला आहे : आधी कागद, मग ब्रेक आणि चाकं, मग इंजिन, आणि रंग शेवटी.

या गाड्या आपल्याकडं आल्या कुठून?

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर यातल्या बऱ्याच गाड्या आणि ट्रक भारतातच राहिले आणि सरकारनं ते विकले. ‘डिस्पोजल’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो याच विक्रीमुळं. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीविरुद्ध पोलीस कारवाई झाली. १३ तारखेला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली, १७ तारखेला हैदराबाद शरण आलं. मराठवाड्याच्या माणसानं लष्करी गाड्यांचा ताफा जवळून बघितला तो तेव्हा. पुढं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मदतीला लष्कराच्या तुकड्या आल्या. त्या पिढीला हे हिरवे ट्रक आजही आठवतात.

आपल्या देशात जीपचं काम महिंद्रानं सुरू केलं. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीनं १९४७ मध्ये विलिस जीपचे हक्क घेतले आणि मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली. लष्करानंही महिंद्राच्या जीपा घेतल्या. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले, ते जीपवर बसवलेल्या तोफेनं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याच जीपच्या घराण्यातल्या गाड्या पुढं आपल्याकडं ‘काळी-पिवळी’ होऊन तालुक्याला वडाप करत होत्या. म्हणूनच आपल्या भागातल्या जुन्या मिस्त्र्यांचे हात जीपवर बसलेले आहेत, आणि घरी गाडी उभी करणाऱ्याची ही सगळ्यात मोठी शिदोरी आहे.

पहिलं काम : गाडी कोणती ते ओळखा

गावात सगळ्याच जुन्या हिरव्या गाडीला ‘मिलिटरी जीप’ म्हणतात. पण प्रत्येकीचे भाग वेगळे, खर्च वेगळा.

महायुद्धातली विलिस किंवा फोर्ड : बॉनेट बुटकं, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. इंजिन चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, सुमारे २,२०० सीसी आणि ६० अश्वशक्तीचं. विलिसच्या फ्रेमला पुढं रेडिएटरखालचा आडवा बार गोल नळीचा असतो, फोर्डचा चौकोनी असतो. फोर्डनं आपल्या बऱ्याच भागांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवलं होतं, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ते दिसतं.

महिंद्राची सीजे-३बी : बॉनेट उंच, कारण आतलं इंजिनच उंच. आपल्याकडं सापडणाऱ्या जुन्या जीपांत हिची शक्यता जास्त. हिचे आणि पुढच्या महिंद्रा जीपांचे बरेच भाग एकमेकांना चालतात.

जोंगा : हिचं नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांवरून पडलं. जपानच्या निसान पेट्रोलच्या परवान्यावर ही १९६९ पासून जबलपूरला बनत होती, १९९९ च्या सुमारास बंद झाली. इंजिन सहा सिलिंडरचं, पेट्रोलचं, जवळपास चार हजार सीसीचं. ताकद भरपूर आणि पेट्रोलची भूकही तेवढीच. २०१९ मध्ये महेंद्रसिंह धोनी रांचीत जोंगा चालवताना दिसला आणि हिची मागणी एकदम वाढली. तिची थोरली बहीण म्हणजे निसानची वन-टन.

शक्तिमान : जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनलेला ट्रक. पुढं त्याची जागा स्टॅलियन आणि टाटाच्या ट्रकांनी घेतली. घरच्या शेडमध्ये शक्तिमान घ्यायचा म्हणलं तर आधी शेडची उंची मोजा. एकेक चाक उचलायला दोन गडी लागतात, गिअरबॉक्स खाली घ्यायला चेन-पुली आणि मजबूत आडवं गर्डर लागतं. नवख्यानं जीपवर हात बसवावा, मग ट्रककडं वळावं.

लष्करातल्या गाडीच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो आणि त्यानंतरचे दोन आकडे गाडी लष्करात कोणत्या वर्षी आली ते सांगतात. विकताना हा नंबर पुसतात, पण रंगाच्या थराखाली तो बऱ्याचदा शिल्लक असतो. बॉनेटच्या बाजूला, मागच्या फळीवर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासलं तर जुने आकडे वर येतात. लगेच फोटो काढून ठेवा. ग्राइंडर लावून सगळं एका दिवसात चकचकीत केलं तर गाडीचा इतिहासही त्याबरोबर गेला.

कागद : इथंच गाडी टिकते किंवा मरते

लष्कराची गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली वेगळी नोंदलेली असते, आरटीओकडं नाही. ती लिलावात विकली गेली की घेणाऱ्यानं तिची नागरी नोंदणी करून घ्यायची असते. आता असे लिलाव मुख्यतः सरकारी एमएसटीसीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतात. अट एकच असते, ‘जशी आहे, जिथं आहे’. म्हणजे घेतल्यावर इंजिन जाम निघालं तरी तक्रार नाही. लिलावाआधी गाडी बघायला दिवस दिलेला असतो, त्या दिवशी मिस्त्रीला बरोबर घेऊन जायचंच.

आणखी एक बदल ध्यानात ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या नोंदणीकृत भंगार केंद्राकडं जातात. देशाच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या खास गाड्यांना यातून वगळलं आहे. तरीही लिलावाच्या यादीत ‘भंगार म्हणून’ लिहिलंय का ‘गाडी म्हणून’, हे वाचल्याशिवाय बोली लावू नका. भंगार म्हणून घेतलेला सांगाडा रस्त्यावर आणायची वाट जवळपास बंद असते.

आखाड्यावरच्या जुन्या गाडीचं प्रकरण आणखी वेगळं. ती आजोबांनी कुणाकडून तरी घेतलेली, आरसी बुक कुठं तरी ट्रंकेत, नाव तिसऱ्याचंच. अशा वेळी या गोष्टी तपासा :

– चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः बघा. जुन्या जीपचा चेसिस नंबर पुढं डाव्या बाजूच्या फ्रेमवर असतो. वायर ब्रश आणि रॉकेलनं साफ करा, ग्राइंडर लावू नका. नंबरावर खडू फिरवून फोटो घ्या.
– तोच नंबर आरसी बुकात आहे का ते जुळवा. एक आकडा जरी वेगळा असला तरी थांबा.
– परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं.
– गाडी चोरीची नाही ना, तिच्यावर जुनं कर्ज नाही ना, हे बघा.
– लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधीच्या गाडीचा माग काढताना शेजारच्या जिल्ह्याचं जुनं दप्तरही पाहावं लागू शकतं. अर्ज लेखी करा, पोच घ्या.

चेसिस नंबर नव्यानं ठोकून देतो, असं सांगणारे भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा. तो थेट गुन्हा आहे आणि पुढं गाडी जप्त झाली तर तुम्ही ओतलेला पैसा आणि घाम दोन्ही पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडतात.

पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, जिची चेसिस, बॉडी आणि इंजिन यात मोठा फेरफार झालेला नाही, ती या नियमांत बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला ५ हजार. नव्यानं नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरं असलेला नंबर मिळतो. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो.

पण याला अट आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, अभ्यास, आणि दुरुस्ती किंवा इंधनासाठी जाणं-येणं, एवढ्यालाच परवानगी. तुम्हाला जीप शेतावर रोज न्यायची असेल तर व्हिंटेजचा मार्ग तुमचा नाही. तुम्हाला साधी नोंदणी, फिटनेस, कर आणि नूतनीकरण याच वाटेनं जावं लागेल.

आणि पन्नास वर्षं मोजायची कुठून? नियम पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून मोजा म्हणतो. लष्कराची गाडी बनली एका साली आणि नागरी नोंद झाली वीस वर्षांनी, असं बऱ्याचदा असतं. म्हणून पाना हातात घेण्याआधीच लातूरच्या आरटीओ कार्यालयात कागद दाखवून लेखी विचारून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ या शब्दावर इंजिन उघडू नका.

‘फौजी साहेबां’च्या जाहिराती

मोबाइलवर जाहिरात येते : ‘मी लष्करात आहे, बदली सीमेवर झाली, गाडी स्वस्तात द्यायची आहे.’ सोबत गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड. आधी थोडी रक्कम मागतात, मग वाहतुकीचा खर्च, मग विमा, मग ‘गेटपास’. गाडी कधीच येत नाही. ही पद्धत देशभर चालली आहे आणि लष्करावरच्या आपल्या विश्वासाचा तिथं धंदा होतो. सरळ नियम पाळा : गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय, चेसिस नंबर हातानं चाचपल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जेवढा उशीर तेवढी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

उघडण्याआधी वही आणि पिशव्या

कागद जुळले की मग कामाला लागायचं. पहिला पाना फिरवण्याआधी चारही बाजूंनी, खालून, बॉनेटमधून भरपूर फोटो काढा. वायर कुठून कुठं गेली, नळी कोणत्या बाजूनं वळली, वॉशर आत होतं का बाहेर, हे चार महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. जुना भाग खराब असला तरी नवा भाग बसून गाडी चालेपर्यंत फेकायचा नाही. लेथवाल्याला नमुना म्हणून तोच दाखवायचा असतो. भंगारवाल्याला घाईनं दिलेला एक कंस नंतर दिल्लीच्या मायापुरीत नाहीतर हरियाणाच्या डबवालीत शोधत बसावं लागतं.

जीप उचलताना फक्त जॅकवर भरवसा ठेवू नका. विटा तर अजिबात नकोत, वीट दबावाखाली एका क्षणात फुटते. मातीच्या जमिनीवर जाड फळी टाका, तिच्यावर लोखंडी घोडी किंवा सागाचे ठोकळे लावा, आणि मगच खाली जा. एकट्यानं गाडीखाली जायचं नाही, घरात कुणाला तरी सांगून जायचं.

ब्रेक आणि चाकं : इंजिनाच्या आधी

इंजिन चालू झालं की कुणालाही गाडी जरा पुढं-मागं करायचा मोह होतो. म्हणून चालण्याआधी थांबण्याची सोय हवी. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि सगळ्या ब्रेकची ऑइलची वाट एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात, इथं तशी सोय नाही. मास्टर सिलिंडर, चाकातले छोटे सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेल्या नळ्या, सगळं एकदमच नवं टाका. ब्रेकमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. ब्रेकमध्ये फक्त ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइलचे चार थेंब गेले तरी रबर फुगून बसतात.

ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरनं उडवायची सवय आपल्या गॅरेजांत सर्रास आहे. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर आजार वर्षानुवर्षांनी उठतो. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला चांगला मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

चाकांबाबत सगळ्यात मोठा धोका लोकांना माहीतच नसतो. लष्करी जीपच्या काही रिम दोन तुकड्यांच्या असतात, मधे बोल्ट लावून जोडलेल्या. चाक काढायचे नट वेगळे आणि रिम जोडणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना रिमचे नट ढिले केले तर रिमचा तुकडा गोळीसारखा सुटतो. ट्रकच्या चाकांना लॉक-रिंग असते, तिचंही तसंच. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, टायर हातानं दाबून बघा, मगच पाना लावा. हवा भरताना रिंगच्या समोर उभं राहू नका. पंक्चरवाल्याकडं लोखंडी पिंजरा असेल तर चाक त्यातच ठेवून भरा. या एका बाबतीत धाडस दाखवायला जागा नाही.

बंद पडलेलं इंजिन लगेच चालू करू नका

दहा-वीस वर्षं उभ्या इंजिनाला बॅटरी लावून सेल्फ मारला तर गंजलेली रिंग सिलिंडर ओरबाडते. आधी चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या. मग पुढून हँडल लावून हातानं हळूच फिरवा. फिरलं तर आनंद, नाही फिरलं तर पुन्हा ऑइल सोडा. जोर लावून टॉमीनं फिरवू नका. इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल काढा. त्यात पाणी निघालं किंवा ते चहासारखं फिकट दिसलं, तर हेडचं गॅस्केट गेलेलं असू शकतं किंवा ब्लॉकला तडा असू शकतो.

नंतर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजनं मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडायची घाई नको. एखादा फारच खाली असेल तर मिस्त्रीचं मत घ्या. बोअर मारणं, क्रँक घासणं, ओव्हरसाइज पिस्टन टाकणं ही कामं लेथ आणि बोरिंगवाल्यांची आहेत, ती घरी करायची नाहीत. मात्र काय केलं, कोणती साइज टाकली, हे वहीत लिहून घ्या. पुढच्या वेळी हीच माहिती पैसे वाचवते.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरू नका. आपल्या भागातलं पाणी जड आहे. घरच्या हंड्याला जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग उन्हाळ्यात औशाचा चढ चढताना गाडी गरम होते आणि दोष इंजिनाला लागतो. रेडिएटर काढून साफ करून घ्या, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा. पावसाचं गाळून ठेवलेलं पाणीही बोअरपेक्षा बरं.

टाकी, पेट्रोल आणि आपलाच ऊस

जुनी टाकी आतून गंजलेली असते. गळते म्हणून लगेच वेल्डिंगला नेऊ नका. टाकी रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा अशी वाफेची टाकी जास्त धोकादायक. एक ठिणगी पुरते. टाकीचं काम फक्त तिच्यातली वाफ नीट घालवणाऱ्या, त्यातल्या जाणकाराकडंच द्या. जीपची टाकी सीटच्या खाली असते हे विसरू नका.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच मराठवाड्याच्या उसातून तयार होणारं इथेनॉल शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे, पण १९५०-६० च्या गाडीचे रबर आणि कॉर्क त्याच्यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनी रबरी नळी मऊ करतं, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कारबोरेटरचे वायसर खराब करतं. म्हणून इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या, पडदे आणि वायसर इथेनॉल चालणाऱ्या मालाचे टाका. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कारबोरेटर रिकामं करून ठेवा. आणि गाडीत आग विझवायचं छोटं नळकांडं असू द्या.

डिझेल इंजिन टाकू का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पेट्रोल परवडत नाही म्हणून हजारो जीपांची मूळ इंजिनं काढून डिझेलची बसवली गेली. रोजच्या कामाला ते समजण्यासारखं आहे. पण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि आरसी बुकात त्याची नोंद लागते. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. शिवाय मूळ इंजिन गेलं की व्हिंटेज नोंदणीचा रस्ताही बंद होऊ शकतो. गाडी कामाला हवी का जपायला हवी, हे आधी ठरवा. दोन्ही एकदम साधायला गेलं की शेवटी धड कामाची राहत नाही आणि धड जुनीही राहत नाही.

वायरिंगचंही तसंच. महायुद्धातल्या जीपला सहा व्होल्टची बॅटरी होती, आपल्याकडच्या बऱ्याच जीपा पुढं बारा व्होल्टच्या झाल्या, लष्करी ट्रकांत चोवीस व्होल्टही असतं. बल्ब, कॉइल, सेल्फ आणि हॉर्न एकाच व्होल्टचे आहेत का ते बघा. जुन्या कापडी वायरी जशाच्या तशा ठेवू नका. आग लागायचं ते पहिलं ठिकाण.

पत्रा आणि शेवटी रंग

जुन्या जीपच्या फरशीखाली पत्र्याच्या पोकळ पट्ट्या असतात आणि महायुद्धातल्या गाडीत त्यांच्या आत लाकूड भरलेलं असे. ते कुजून पाणी धरतं आणि पत्रा आतून जातो. वरून पुट्टी भरून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत तेच भोक परत. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडावा. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून कोरडं घासू नका. पाणी लावून घासा, लेकरांना जवळ येऊ देऊ नका, भुकटी गुरांच्या चाऱ्याजवळ पडू देऊ नका.

आता रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन म्हणजे लष्करी हिरवा रंग देता येत नाही. सगळ्यांचं मन त्याच रंगावर असतं आणि तोच चालत नाही. नियमाचं कारणही साधं आहे : नाक्यावरच्या शिपायाला लांबूनच कळलं पाहिजे की ही गाडी लष्कराची आहे का नाही. तोच विचार बाणाच्या नंबराला आणि तुकडीच्या खुणांना लागू होतो. ते रस्त्यावरच्या गाडीवर रंगवू नका. राखाडी, वाळूसारखा पिवळसर, निळा, तपकिरी असा दुसरा रंग निवडा आणि तो आरसी बुकात नोंदवून घ्या. मूळ हिरव्याचा एक तुकडा, डॅशबोर्डच्या आतला किंवा टूलबॉक्सच्या झाकणाखालचा, तसाच राखून ठेवला तर पुढच्या पिढीला खरा रंग दाखवता येतो.

मूळ गाड्या कशा दिसायच्या हे बघायचं असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आपल्यापासून फार लांब नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे आणि चिलखती गाड्या मांडल्या आहेत. पोराला एकदा तिथं घेऊन जा. मोबाइलवरच्या शंभर व्हिडिओंपेक्षा ते जास्त शिकवेल.

मिस्त्री आहेत तोवर

जीपचे भाग अजून मिळतात, नाही मिळाले तर लेथवर बनतात. पण कारबोरेटरचा आवाज ऐकून जेट किती फिरवायचं सांगणारा, पॉइंटची फट पोस्टकार्डाच्या जाडीनं जुळवणारा, पाटे मारणारा मिस्त्री आता साठीच्या पुढं गेला आहे. त्याची पोरं कॉम्प्युटर लावून गाडी तपासतात, आणि त्यांचं चुकत नाही, आता गाड्याच तशा आल्या. पण आखाड्यावरची ती जीप सुरू करायचं ज्ञान या माणसांच्या बोटांत आहे, कुठल्या पुस्तकात नाही. म्हणून काम करवून घेताना त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा, विचारा, लिहा, त्यांच्या परवानगीनं व्हिडिओ काढा. मजुरी ठरल्याप्रमाणं द्या, काकांना चहा विचारायला विसरू नका.

शेवटी एवढंच ध्यानात ठेवा :

१) चेसिस नंबर कागदाशी जुळला तरच पाना उचला.
२) गाडी रोजच्या वापराची का व्हिंटेज, हे आरटीओत लेखी विचारून ठरवा.
३) गाडी न बघता कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.
४) जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, हवा असलेल्या रिमला पाना लावू नका, टाकीला घरी वेल्डिंग नको.
५) ब्रेक पक्के झाल्याशिवाय इंजिनाला हात नको.
६) लष्करी हिरवा रंग नको, मूळ रंगाचा एक तुकडा मात्र राखा.

हा क्रम पाळला तर घाई होत नाही, आणि जुन्या गाडीच्या कामात सगळ्यात महाग पडते ती घाईच. दोन पावसाळे लागू द्या. जी गाडी वीस वर्षं बाभळीखाली थांबली, ती आणखी सहा महिने थांबायला तयार असते.